एर्मेलिंदाची टाकी

ज्या सकाळी पिलारला सांभाळणाऱ्या बाईंना ताप आला, त्याच सकाळी संस्थेचा वजनकाटा बंद पडला. खरं सांगायचं तर मला आधी तापाचीच काळजी लागली. आदल्या दिवशी पिलार दिवसभर त्या बाईंच्याच कडेवर होती. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग मानेखाली, मग तळपायांना. गार होती. थर्मामीटरनेही तेच सांगितलं. तरी तो मी पिशवीत टाकला, कारण दहा महिन्यांच्या मुलांचं काही सांगता येत नाही.

नवरा कालव्यावर पाणीवाटपाला गेला होता, आणि त्याला पाळी सोडून घरी बोलावणं म्हणजे अर्ध्या गावाच्या शिव्या खाणं. सासूबाई मेंदोसा शहरात. तेव्हा पिलार, तिची बाटली, लंगोटांची चळत, थर्मामीटर आणि मी, असे सगळे माझ्या छोट्या गाडीतून कामावर निघालो. वाटेत नाहुएलचे दोन फोन आले. पहिल्यात तो म्हणाला, किरकोळ आहे. दुसऱ्यात त्याने विचारलं, कुठवर आलीस.

नाहुएल आणि मी मिळून संस्थेचे संगणक सांभाळतो. संस्था म्हणजे आमच्या भागातल्या द्राक्ष बागायतदारांची सहकारी वाइनरी. माझ्या बाळंतपणाच्या रजेत नाहुएलने एकट्याने नवा सर्व्हर बसवला होता. जुना इतका म्हातारा झाला होता की त्याच्या पंख्याचा आवाज ऐकून लोक हवामानाचा अंदाज सांगत. नवा कसा मुका आहे, हे नाहुएल भेटेल त्याला सांगायचा. आज तो जरा जास्तच मुका झाला होता.

पोचले तर गेटपासून पॉपलरच्या झाडांच्या टोकापर्यंत ट्रक उभे. मार्चअखेरची सकाळ, हवेत अजून गारवा, आणि सगळ्या रस्त्याला पिकल्या द्राक्षांचा वास. सगळ्यात पुढे दोन्या एर्मेलिंदाचा निळा ट्रक; मोठ्या बाईला आमच्याकडे आदराने दोन्या म्हणतात, पुरुषाला डॉन. ती चालकाशेजारी बसली होती, दोन्ही हात मांडीवर, फोटो काढून घ्यायला बसावं तशी.

तिचं असं झालं होतं, की काही वर्षांपूर्वीच्या गारपिटीत तिची जुनी बाग पार झोडपून निघाली. सगळे म्हणाले, जमीन विकून टाक, आता नातवंडं खेळव. तिने पहारीने जुने बुंधे उपटून काढले आणि बोनार्दा जातीच्या काळ्या द्राक्षाच्या नव्या काड्या लावल्या. आज त्या बागेची पहिली तोडणी होती. मजूर अंधारातच बागेत उतरले होते आणि घड गार असतानाच क्रेट भरून निघाले होते.

आमच्याकडे रीत अशी, की नव्या बागेची पहिली तोडणी इतरांच्या मालात मिसळायची नाही. तिला एक छोटी वेगळी टाकी द्यायची, मालकाने त्या टाकीवर आपल्या हाताने खडूने नाव लिहायचं, आणि ती वाइन हिवाळ्यात सगळ्या सभासदांनी मिळून प्यायची. बाग जगात आली असं तेव्हा म्हणतात. अट एकच, माल बाराच्या आत काट्यावरून गेला पाहिजे. उन्हाने तापलेले घड क्रेटमध्येच आंबायला लागतात, आणि तसा माल मोठ्या सामाईक टाकीत जातो. तिथे मग कोणाचं काय, देवालाही सांगता येत नाही. पुढच्या वर्षीची तोडणी ही दुसरी तोडणी असते.

मी खिडकीपाशी थांबले. दोन्या एर्मेलिंदाने पिलारकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हिला मदतीला आणलीस होय? बरं केलंस. नाहुएलपेक्षा हिच्या चेहऱ्यावर अक्कल दिसते."

मी विचारलं, किती वेळ झाला.

"वीस मिनिटं लागतील म्हणाला होता. म्हणाला तेव्हा सूर्य उगवत होता."

हाताने पावती फाडता आली असती, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण हाताच्या पावत्यांवरून पूर्वी इतकी भांडणं झाली होती, की सर्वसाधारण सभेने ठराव केला: यंत्राच्या पावतीशिवाय एक घडही आत जाणार नाही, आणि प्रत्येक ट्रकचे चारही बाजूंनी फोटो आणि वर व्हिडिओ. ठराव मांडला होता दोन्या एर्मेलिंदाने. काट्यावर उभे असलेले आमचे व्यवस्थापक डॉन ओलिंदो यांना मी म्हटलं, आजच्यापुरता ठराव बाजूला ठेवला तर. ते म्हणाले, त्यासाठी सभा बोलवावी लागेल. "सभा समोरच उभी आहे म्हणा, ट्रक घेऊन. पण ही माणसं बारापर्यंत एका गोष्टीवर हो म्हणतील, असं तुला वाटतं का, रोसिओ?"

मला वाटत नव्हतं.

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची चीज ठेवायची खोली. थंड आहे, म्हणून ती आम्हाला मिळाली. पिलारला मी टोपी घातली, मोजे चढवले, माझी शाल गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसले. नाहुएलने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्याचा चेहरा पाहून मला त्याच्याही कपाळाला हात लावावासा वाटला.

जागा संपली होती. पहाटे त्याने जुन्या नोंदी झाडून थोडी जागा केली होती, तेवढ्यावर काही ट्रक गेले, आणि पुन्हा सगळं गच्च. फोटो आणि व्हिडिओ, फोटो आणि व्हिडिओ.

तो म्हणाला, "डिस्क एवढी मोठी आहे. मी स्वतः घेतलीय. भरेलच कशी?"

मी पाहिलं आणि मला हसू आलं, कारण ही चूक आमच्या धंद्यातली माणसंच करू शकतात. कंपन्यांसाठी बनवलेली ती मोठी प्रणाली बसवताना विचारते, डिस्कची वाटणी तू करतोस की मी करू. घाईतला माणूस म्हणतो, तूच कर. नाहुएलने पुढे, पुढे, पुढे असं दाबलं होतं. मग प्रणालीने आपल्या रिवाजाप्रमाणे वाटणी केली. जिथे सगळी कामं चालतात त्या मूळ भागाला सत्तर जीबी, आणि उरलेली सगळी डिस्क, जवळजवळ दोन टीबी, 'होम' नावाच्या भागाला. होम म्हणजे घर. वापरणाऱ्या माणसांचं सामान ठेवायची जागा. आमच्या सर्व्हरवर माणसं राहतच नाहीत. तिथे राहतो वजनकाटा. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि शेजारी रिकामा वाडा पसरला होता.

नाहुएललाही हसू आलं, थोडं उशिरा. म्हणाला, मग सोपं आहे, होम आकसवतो, वाचलेली जागा इकडे देतो, जुन्या सर्व्हरवर मी केलं होतं. आणि बाहेर जाऊन तो रांगेला परत सांगून आला, वीस मिनिटं.

त्याला काय माहीत नव्हतं ते मला माहीत होतं, पण मी सांगायच्या आत तो बाहेर पडला होता. जुन्या सर्व्हरवर फाइली मांडायची जी पद्धत होती, ईएक्सटी, ती थोडी कुरकुरत का होईना, आकसायची. मधल्या काळात प्रणालीने आपला रिवाज बदलला. आता न विचारता मिळते ती एक्सएफएस. ती मोठ्या फाइली लीलया सांभाळते, चालू कामात वाढवता येते, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. फक्त ती आकसत नाही. पिलारचे पाय गेल्या महिन्याच्या मोज्यांत परत घालायला जावं, तसं ते आहे.

नाहुएल परत आला, आज्ञा दिली, नकार आला. दुसरी दिली, पुन्हा नकार. तो स्क्रीनशी वाद घालायला लागला. मी सांगितलं तेव्हा म्हणाला, ठीक आहे, मग अख्खं होमच पाडतो आणि छोटं करून नव्याने बांधतो. तिथे आहे काय? काही नाही. आणि त्याची बोटं कीबोर्डकडे निघालीसुद्धा.

"हात वर घे."

"अगं, रिकामं आहे."

"नाहुएल, हात वर. आधी आत बघ."

मी रात्री तीनदा पाळण्यात डोकावणारी बाई आहे. रिकामं आहे असं कोणी म्हणालं की मला आधी उघडून पाहावं लागतं. उघडलं. आत एकच फोल्डर होतं. काटा बसवून गेलेल्या कंपनीच्या माणसाने आपल्या नावाने ठेवलेलं. काटा किती किलोला किती दाखवतो आणि रसाची गोडी कशी मोजायची, याची सगळी जुळवणी त्यात होती, आणि काट्याचा प्रोग्राम या घडीला तिथूनच ती वाचत होता. ते पाडलं असतं तर तो माणूस ब्युनोस आयर्सहून येईपर्यंत आमच्या रिवादाव्हिया गावात एक घड मोजला गेला नसता.

नाहुएलने दोन्ही हात खरोखरच वर घेतले आणि थोडा वेळ तसेच ठेवले.

तेवढ्यात पिलारला झोप आली. तिला झोप आली की ती कान ओढते आणि सगळ्या जगावर रागावते. त्या थंड खोलीत तिला झोपवायची माझी छाती होईना. काट्याच्या केबिनमध्ये नेलं, तर तिथे डॉन ओलिंदो, गोडी मोजणारी मुलगी, दोन हमाल आणि 'माते' नावाचा कडू चहा पिणारे चार बागायतदार एवढ्याशा जागेत दाटीने बसलेले. डॉन ओलिंदोंनी मला किल्ली दिली. म्हणाले, माझ्या ऑफिसात झोपव.

त्यांचं ऑफिस मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलेलं नसावं. एवढी मोठी खोली, कोच, गालिचा, खिडकीला पडदे, आणि टेबलावर नुसती धूळ. संस्थेचा नकाशा काढणाऱ्याने व्यवस्थापकाला मोठी खोली हवी म्हणून काढली, आणि डॉन ओलिंदो जन्मभर काट्याच्या केबिनमध्ये बसले, कारण काम तिथे होतं. मी कोचाच्या कडेला उशा लावल्या, खाली गालिच्यावरही उशा लावल्या, पिलारला ठेवलं. ती लगेच झोपली. आठ माणसं त्या केबिनमध्ये घुसमटत होती आणि माझी मुलगी या दालनात एकटी पसरली होती.

मी तिथे उभी राहिले, श्वास ऐकला, आणि मग लक्षात आलं. ही भिंत पाडून केबिन मोठी करायला कोणी निघालं नव्हतं. मुलीला उचललं आणि इकडे आणलं.

मी धावतच गेले. वाटेत गोडी मोजणाऱ्या मुलीला पिलारपाशी बसवलं, आणि दोनदा सांगितलं की नुसतं बसायचं नाही, बघत बसायचं.

नाहुएलला म्हटलं, काही आकसवायचं नाही, काही पाडायचं नाही. फोटोंचं फोल्डर उचलायचं आणि होममध्ये न्यायचं. जुन्या जागी फक्त पाटी लावायची, इथले लोक तिकडे राहायला गेलेत. काटा नेहमीच्या जागी फोटो ठेवेल आणि ते आपोआप तिकडे जाऊन पडतील.

तो म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच. पण आधी नक्कल करायची, दोन्हीकडच्या फाइली मोजायच्या, जुळल्या की मग इथल्या पुसायच्या."

म्हणाला, सरळ हलवू या, वेळ वाचेल. मी म्हटलं, ठरावातला पुरावा आहे तो, वाटेत एक फोटो सांडला तर पुढची दहा वर्षं भांडण ऐकशील. मग त्याने मान हलवली. नक्कल सुरू झाली. फाइली छोट्या आणि अगणित, त्यामुळे ती आरामात चालली होती, आणि आम्हाला तिच्याकडे बघण्यापलीकडे काम नव्हतं.

मी रांगेला खरं काय ते सांगायला बाहेर गेले. वीस मिनिटं म्हणायचं नाही, एवढं मनाशी ठरवलं होतं. पण बाहेर कोणी भांडत नव्हतं. छाटणीच्या वाळक्या काड्यांची शेकोटी पेटली होती, तिच्यावर जाळी, जाळीवर चोरिसो सॉसेज फुटत होते. कोणीतरी गिटार काढली होती आणि तिला एक तार कमी आहे याची तक्रार करत वाजवत होतं. दोन्या एर्मेलिंदा मात्र ट्रकमध्येच होती. तिने क्रेटवर ओली पोती घातली होती आणि दर थोड्या वेळाने उतरून त्यांखाली हात घालून बघत होती. मी तो हात ओळखला. सकाळपासून मी तोच हात पिलारच्या मानेखाली घालत होते.

मी तिला सगळं सांगितलं, घर, रिकामी जागा, पाटी. ती म्हणाली, म्हणजे ज्याला जागा दिली त्याला नको होती, आणि ज्याला हवी होती त्याला विचारलंच नाही. मी म्हटलं, अगदी तेच. तिने विचारलं, अशी वाटणी केली कोणी. मी म्हटलं, यंत्राने, कोणी काही न सांगितल्यामुळे. ती म्हणाली, आमच्याकडे जमिनीची वाटणी वडिलांनी केली होती, त्यांनाही कोणी काही सांगितलं नव्हतं.

मग तिने हळू आवाजात विचारलं, "बाराच्या आत होईल का, पोरी? खरं सांग. नसेल होणार तर मी आता इथेच रडून घेते, आत ओलिंदोसमोर नको."

"होईल असं वाटतंय. पण फाइली जुळेपर्यंत मी हो म्हणणार नाही."

"बरं. मग मी थांबते रडायची."

परत वळले तर पिलार उठून बाहेर आलेली. म्हणजे गोडी मोजणाऱ्या मुलीने आणलेली, आणि आता ती तिसऱ्याच माणसाच्या खांद्यावर होती. आणि त्या माणसाच्या बोटांत द्राक्षाचा एक टपोरा मणी. मी इतक्या वेगाने कधी धावले नसेन. द्राक्षाचा मणी लहान मुलांच्या घशात अडकतो, हे मी त्या सगळ्या रांगेला सांगितलं, प्रत्येक ट्रकपाशी थांबून. तिथे ज्यांनी जन्मभर द्राक्षं पिकवली आणि ज्यांची मुलं द्राक्षांवरच वाढली, ती माणसं टोप्या काढून मला हो हो म्हणत होती. त्यानंतर पिलार ज्याच्या कडेवर जाई तो आधी दोन्ही रिकामे हात मला दाखवी. थोड्या वेळाने तो रांगेचा खेळच झाला, मी बाहेर डोकावले की मूल जवळ असो नसो, सगळे हात वर करत.

साडेअकराच्या सुमाराला नक्कल पुरी झाली. मोजल्या. जुळल्या. मी पुन्हा मोजल्या. इथल्या पुसल्या, पाटी लावली, काट्याचा प्रोग्राम सुरू केला. डॉन ओलिंदोंनी हात केला आणि निळा ट्रक काट्यावर चढला.

पावती आली नाही.

बाहेर गिटार थांबली. मी नोंदी पाहिल्या. प्रणालीत एक पहारेकरी असतो, कोणत्या प्रोग्रामने कुठे शिरायचं ते तो प्रत्येक जागेवरच्या शिक्क्यावरून ठरवतो. कंपनीच्या माणसाने आपल्या फोल्डरवर काट्याचा शिक्का मारून ठेवला होता, पण आमच्या नव्या जागेवर नुसता घराचा शिक्का होता. काट्याला कोणाच्या घरात शिरायची परवानगी नाही, म्हणून पहारेकऱ्याने तो दारातच अडवला होता. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

नाहुएल म्हणाला, "बंद कर त्याला. सगळे बंदच करतात."

"पहारेकरी झोपवून मी माझं मूल कोणाकडे ठेवलं असतं का?"

"हे मूल नाही, रोसिओ. फोटो आहेत."

"मग आणखी सोपं. बाजूला हो."

नव्या फोल्डरवर काट्याचा शिक्का मारला. दोन ओळींचं काम, पण दुसरी ओळ मला परत लिहावी लागली. प्रोग्राम पुन्हा चालवला. खिडकीतून पाहिलं. डॉन ओलिंदो छपाईयंत्रावर वाकून उभे होते, त्यातून उबदार पाव निघणार असल्यासारखे. यंत्राने एकदा घसा खाकरला आणि पांढरी जीभ बाहेर काढली.

डॉन ओलिंदोंनी ती पावती फाडली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि भोंग्यावरून वाचून दाखवायला लागले: नाव, वजन, गोडी, वेळ. वेळ त्यांनी दोनदा वाचली. बाराला अजून अवकाश होता. पॉपलरच्या टोकापासून भोंगे वाजायला लागले, ट्रकमागून ट्रक, शेवटी तर असे ट्रक वाजवत होते ज्यांना काय झालं हे माहीतही नसावं. नाहुएल मला मिठी मारायला आला, मग आठवल्यासारखं आधी हात वर केले, आणि मग मारली.

पिलार आवाजाने दचकून रडेल म्हणून मी तिला घेतलं. ती रडली नाही. ती प्रत्येक भोंग्याला उत्तर देत होती.

आत छोटी टाकी धुऊन ठेवलेली होती. दोन्या एर्मेलिंदाने खडू घेतला आणि नाव लिहिलं, आपलं नाही, नुसतं 'बोनार्दा, पहिली'. डॉन ओलिंदो म्हणाले, रीत मालकाच्या नावाची आहे. ती म्हणाली, मालक कोण ते अख्ख्या रस्त्याला कळलंय, सकाळपासून मीच तो अडवून बसले होते. मग ट्रक मागे आला, पोती निघाली, आणि पहिला क्रेट तिने स्वतः धरला. घड टाकीच्या तोंडाशी असलेल्या कुंडात पडले. गार होते. काळेभोर, एकमेकांवर आपटताना हलका, ओला आवाज करणारे.

दुसरा क्रेट द्यायला चालकाने उचलला, तर तिने हात आडवा केला. कुंडाच्या काठावर कोपरं टेकून ती आत बघत उभी राहिली.

मागचा ट्रक काट्यावर चढला होता. त्याच्या मागच्याने भोंगा वाजवला, मग त्याच्या मागच्याने. डॉन ओलिंदो दारातून म्हणाले, दोन्या एर्मे, रांग खोळंबलीय.

"खोळंबू दे," ती न वळता म्हणाली. "मी पण थांबले होते की. आता मला जरा बघू द्या."